हागारेला परत का धाडली

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं बंगल्याच्या मागच्या पायरीवर लसूण सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. मी गड्डे फोडायचो, सगुणा सोलायची. आत हॉलमध्ये मननाची बैठक भरणार होती. तिच्यासाठी भज्यांची तयारी.

"काय ओ, काय सापडलं?" सगुणानं विचारलं.

हे आमचं रोजचं होतं. ती सातवी शिकलेली. मी दुसरीतनंच ढोरांमागं गेलेलो. सकाळी चहा ठेवायच्या आधी ती पवित्र शास्त्रातली एक ओळ मोठ्यानं वाचायची. मला अक्षर लागतं, पण लई वेळ खातं. म्हणून मी तिच्या तोंडून घ्यायचो. मग ती ओळ घेऊन ती भांड्यांकडं, मी बागेकडं. दिवसभर मनात घोळवायची, अन् नंतर एकमेकाला विचारायचं, काय सापडलं. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, त्याला मनन म्हणतात. आम्ही रवंथ म्हणायचो. ढोरं राखलेल्या माणसाला रवंथ कळतो. जनावर निवांत बसलं तरच करतं. भ्यालं की त्याचा जबडा थांबतो.

तेव्हा आम्ही हागारेवर होतो. हागार म्हणजे अब्राहामाच्या घरची दासी. मालकिणीला मूल होईना, तर मालकिणीनंच हिला नवऱ्याकडं धाडली. हिला दिवस गेले, तर हिलाच छळली. हागार रानात पळाली. तिथं पाण्यापाशी देवाचा दूत आला अन् म्हणाला, परत जा, मालकिणीच्या हाताखाली राहा. सगुणाचं बोट तिथंच अडकलं होतं. रोज तीच ओळ.

"मला काय न्हाई सापडलं," मी म्हणालो. "तुला?"

"मला तर हितं देवच सापडंना," ती म्हणाली अन् हसली. "येवढा रानात हुडकत आला, अन् म्हंतो काय, परत जा. माझा बाप आसं म्हनला आस्ता तर मी त्याला भाकर वाढली नसती."

मी पण हसलो. मग आतनं हाक आली अन् ती उठली.

बंगला देवळाली प्रवरेच्या शिवारात, उसाला लागून. मॅडम रिटायर मुख्याध्यापिका. आमच्याच ख्रिस्ती मंडळीतल्या, देवळात पहिल्या बाकावर बसणाऱ्या. आम्ही मागच्या खोलीत राहायचो. तिनं घर बघायचं, मी बाग अन् राखण. आमचे कप वेगळे, मागच्या खिडकीत पालथे घातलेले. देवळात मात्र आपण सगळे प्रभूमध्ये एक. मॅडमचा आजा अन् माझा आजा एकाच वेशीबाहेरचे. दोघांचा बाप्तिस्मा एकाच ओढ्यात झाला. त्यांचा बाप मिशनच्या शाळेत गेला, माझा बाप दुसऱ्याच्या बैलांमागं गेला. एवढाच काय तो फरक. पण तेवढ्यात त्यांना कप वेगळे करायची अक्कल आली. ज्यांनी आमच्या आज्यांना लांब बसवलं, त्यांच्याकडनंच शिकले.

मी भज्यांची दुसरी परात घेऊन हॉलच्या दाराशी गेल्तो. पाळक म्हणत होते, "शास्त्रातलं कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मोकळेपणानं विचारा."

कोणी विचारलं नाही. सगुणा ट्रे घेऊन मधोमध उभी होती. ती म्हणाली, "पाळकसाहेब, मी इचारू का?"

"विचार की."

"देवानं हागारेला परत का धाडली? मालकीण छळत हुती म्हनून तर ती पळाली. मग परत तिच्याच हाताखाली कशाला?"

पाळकांनी तोंड उघडलं होतं. पण मॅडम आधी बोलल्या.

"अगं, सोपं आहे. घरी भांडी पडली होती. म्हणून पाठवली."

आधी एक बाई हसली, मग सगळा हॉल. कोणी म्हणालं, "मॅडम, तुम्ही पण ना." पाळकांच्या हातात भजं होतं. ते ताटलीत ठेवून हसले. मी नीट बघितलं. आधी ठेवलं, मग हसले.

"जा सगुणा," मॅडम म्हणाल्या. "आपलीही पडलीत."

ती मागं आली. भांडी घासली. रडली नाही. कढई पालथी घालताना एकदाच म्हणाली, "हासन्यासारखं इचारलं का ओ मी?"

"न्हाई," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी ती धुण्याच्या दगडावर वाकली, ती उठलीच नाही. नळ चालूच होता. डॉक्टर आला, छातीचं दुखणं म्हणाला.

सोनईहून लेक आली. संध्याकाळी दफनाला मंडळी जमली. पेटी खड्ड्याच्या काठावर ठेवलेली. मॅडम तिच्याबद्दल साक्ष द्यायला म्होरं आल्या. काळी साडी, हातात रुमाल.

"सगुणा आमच्या घरातलीच होती," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं राहिली, पण तिनं कधी वर तोंड करून एक शब्द विचारला नाही. अशी नम्रता आपल्यालाही मिळो."

काही बायांनी आमेन म्हटलं.

"इचारला हुता," मी म्हणालो.

मॅडम थांबल्या. पाळकांनी माझ्या खांद्याला हात लावला. "बाबा, तुम्ही दुःखात आहात. बसा."

"काल इचारला हुता. हागारेला परत का धाडली, म्हनून. तुमी समदे हासला. उत्तर येत नसंल तर येत न्हाई म्हना. पन तिनं इचारलंच न्हाई आसं तिच्या पेटीपाशी उभं राहून म्हनू नका."

कोणी वर बघेना. मॅडम माझ्या जवळ आल्या अन् दबक्या आवाजात म्हणाल्या, "गप बस. तमाशा करू नकोस."

बाईचं वय माझ्या लेकीपेक्षा थोडं जास्त. सगळ्यांसमोर मला तुम्ही म्हणायची. त्या दिवशी तेवढं पण विसरली. आम्ही माती लोटली.

माणसं पांगल्यावर मॅडम आमच्या खोलीपाशी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. लेक भिंतीला टेकून बसली होती, तिच्यादेखतच बोलल्या.

"उद्या रविवारच्या भक्तीत सगळ्यांसमोर उभा राहा अन् चुकलो म्हण. मग खोली राहील. नाहीतर रिकामी कर. दुसरं जोडपं केव्हाचं विचारतंय."

मी सगुणाचं पवित्र शास्त्र जवळ ओढलं.

"दासांनी धन्याचं ऐकावं, हे शास्त्रातच आहे. तिच्या पुस्तकात सापडेल. अक्षर लावत लावत वाच. आता वेळच वेळ आहे तुला. बोलायला तरी कोण आहे?"

असं म्हणून गेल्या. चपलांचा आवाज बंगल्यापर्यंत ऐकू आला.

लेक म्हणाली, "आबा, म्हना चुकलो. दोन शब्दांनी काय झिजतं? या वयात कुठं जानार? आमच्या घराची गत तुमाला म्हाईत हाय."

तिचं खोटं नव्हतं. तिच्या घरात तिलाच पाय पसरायला जागा नाही. मला पण भीती वाटली. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे गेलेले, डोक्यावरचं पत्र्याचं छप्पर कोणाच्या जिवावर सोडतो? मी आडवा पडलो अन् दोन शब्द म्हणून बघितले. तोंडात बसेनात. तेव्हा मला सगुणाचं अडकलेलं बोट कळलं. मालकीण बोलावते हे नवल नाही. मालकीण बोलावणारच. पण बोलावणं तिचं, अन् सही देवाची, हे कसं?

रविवारी सकाळी मी अंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. वळकटी बांधून लेकीच्या हातात दिली. ती रडत होती. देवळात गेलो. पाळक म्हणाले, "आपल्या बाबांना दोन शब्द बोलायचे आहेत." मॅडम पहिल्या बाकावरून मान हलवत होत्या, पोरानं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा.

मी म्होरं गेलो. खोलीची चावी पाळकांच्या टेबलावर ठेवली.

"मी चुकलो न्हाई," मी म्हणालो. "माझी बायको इचारत हुती, ते आता मी इचारतो. देवानं तिला परत का धाडली?"

पाळकांनी बाजाची पेटी वाजवणाऱ्याला खूण केली. गीत सुरू झालं. सगळे उभे राहून मोठ्यानं म्हणायला लागले. मी तिथंच उभा राहिलो. गीत संपलं तेव्हा परत विचारलं. दोघांनी माझे दंड धरून मला बाहेर पायरीवर आणून सोडलं.

हागार परत गेली. तिच्या पोटात लेकरू होतं, तिला जावं लागलं असेल. मी जाणार नाही. देवानं माझ्याकडं दूत धाडला तरी जाणार नाही. दूत धाडायचाच असेल तर त्यानं बंगल्यावर धाडावा, मालकिणीकडं. तिला सांगावं काय सांगायचं ते.

देऊळ मी सोडलेलं नाही. ते मॅडमच्या बापाचं नाही. दर रविवारी जाणार, अन् हेच विचारणार. पाळक गीत सुरू करतील. करू देत. गीत संपतं.