तिळाचा लाडू आणि मुलाखतीचा सराव

श्वास येईना. खोकला येईना, आवाज फुटेना. तिळाच्या लाडवाचा तुकडा घशात बसला होता आणि मी टेबलाची कड धरून उभी होते.

सुनेला वाटलं, साधा ठसका. ती माझ्या टाळूवर थोपटायला लागली. "वर बघा आई, वर. कुणीतरी आठवण काढतंय तुमची." मुलगा पाण्याचा पेला घेऊन धावला. आमच्याकडे ठसका लागला की हेच करतात.

नातीने पेला असा ढकलला की पाणी बापाच्या शर्टावर.

"पप्पा, पाणी नको. एकशेबाराला फोन कर. मम्मी, हात काढ."

ही पोरगी घरात एका दमात इतकं मराठी कधी बोलत नाही. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यायचं, अशी आमच्या नेदरलँड्समधल्या, आल्मेरे गावच्या घरातली रीत.

तिने मला पुढे वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने दणके दिले. काही निघेना. मग मागून मिठी मारली, बेंबीच्या वर मूठ ठेवली आणि आत नि वर जोरात ओढलं. मी काही हलकी बाई नाही, तरी माझ्या टाचा उचलल्या गेल्या. पुन्हा ओढलं. तुकडा बाहेर आला, पाठोपाठ माझी कवळीही टेबलावर. मी श्वास घेतला. असला गोड श्वास मी आयुष्यात घेतला नव्हता.

हा सगळा घोळ झाला मुलाखतीच्या सरावात. दुसऱ्या दिवशी तिची मेडिकलच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. आरोग्याच्या क्षेत्रात काय काम केलंस, हे तिथे विचारणार होते. सराव घ्यायला घरात रिकामी मीच, म्हणून चौथी शिकलेली मी प्रोफेसर झाले होते. तोंडात लाडू घेऊन प्रश्न विचारत होते.

ती दर शनिवारी-रविवारी एका केअर होममध्ये जायची. म्हाताऱ्यांना भरवायचं, उठवायचं, धुवायचं. मुलाला ते सांगायला नको होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी तिला आठवडाभर हॉस्पिटलमध्ये आपल्यामागे फिरू दिलं होतं, तेवढंच सांग म्हणून तो तिच्या मागे लागला होता.

"तिथे काय सांगणार? डायपर बदलते म्हणून?"

"मग हॉस्पिटलात काय केलंस?" मी प्रोफेसरच्या थाटात विचारलं.

"उभी होते," नात म्हणाली.

मला हसू आलं. त्या हसण्यातच लाडू घशात गेला.

अँब्युलन्स आली. त्यांनी मला नीट तपासलं, कारण असं पोट दाबल्यावर तपासावं लागतं. त्यांच्यातल्या बाईने नातीला विचारलं, हे कुठे शिकलीस? तिने केअर होमचं सांगितलं. मुलगा ओल्या शर्टाने तिथेच उभा होता.

सकाळी तो तिला स्टेशनवर सोडायला निघाला. दारात बुटाची नाडी बांधता बांधता, वर न बघता म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांचंच सांग."

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. भाजीत दोनदा मीठ पडलं. संध्याकाळी ती आली तशी तिने कोट काढायच्या आधीच मी तिला धरलं.

"काय सांगितलंस?"

"भरवताना तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघायचं. घास गिळला की नाही ते कळतं. एक आजोबा घास गालात धरून ठेवतात, त्यांच्यासाठी मी थांबते. ते सांगितलं."

"आणि माझं?"

"तुझं नाही सांगितलं. ते काम नव्हतं, आजी. तू घरची."

"म्हणजे मी फुकट गुदमरले?"

"सराव तर झाला."

निकालाच्या दिवशी तिने आधी मला फोन दाखवला. मला डच वाचता येत नाही, पण तिचं तोंड वाचता येतं. जागा मिळाली होती. सुनेने साखर वाटली. मुलगा खिडकीशी जाऊन सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटला आणि प्रत्येकाला आधी केअर होमचं सांगत होता.

लाडू मी अजून खाते, पण बारीक फोडून आणि तोंड बंद ठेवून. त्या संध्याकाळी टेबलाशी काळीनिळी पडलेली म्हातारी मीच, आणि मी जिवंत आहे.