नाटक की विहीर

देशातली पहिली निवडणूक तोंडावर आली होती. मत कसं द्यायचं हे बायांना समजावून सांगायला मला सावली गावच्या शाळेतून आसपासच्या गावांत पाठवलं. मी नुकतीच मास्तरीण झाले होते. हुशारी अंगात मावत नव्हती आणि धीर औषधालाही नव्हता.

एका गावात पाटलांकडे उतरले. गुप्त मतदान म्हटल्यावर पाटलांनी मान हलवली. "आमी सारे बसतो, बोलतो, एकमत झालं का उठतो. हे चोरावानी लपूनछपून काऊन, बाई?" मी भांडायच्या बेतात होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "करून दाखवा ना. पाहू तं द्या."

धान नुकतंच घरात आलं होतं. घरटी वर्गणीचं धान गोळा करून गावानं बैठकीत ठरवलं होतं, यंदा नाटक बसवायचं. कोणीतरी विहिरीचंही सुचवलं होतं म्हणे, पण नाटकाला नको म्हणणारा माणूस आमच्या झाडीपट्टीत अजून जन्मायचाय. सोपा प्रश्न म्हणून मी तोच घेतला, नाटक की विहीर. रॉकेलचे दोन रिकामे डबे आणले. एकावर कोळशानं तबला काढला, दुसऱ्यावर बादली. तबल्याचा भोपळा झाला, म्हणून तो तबला आहे हे सगळ्यांना तोंडी सांगावं लागलं. डबे पाटलांच्या गोठ्यात ठेवले आणि दाराला घोंगडं लावलं. एकेकानं आत जायचं आणि हव्या त्या डब्यात चिठ्ठी टाकायची.

पाटलांची सून पोटुशी होती, सातवा लागलेला. पाणी आणायला रोज नाल्याची दरड उतरायची आणि भरल्या घागरी घेऊन परत चढायची. त्याच सकाळी अर्ध्या चढावर घागरी टेकवून ती धापा टाकत बसलेली मी पाहिली होती. बैठकीत बाया बसत नसत, त्यामुळे विहिरीचं तिला कोणी विचारलंच नव्हतं. चिठ्ठी मुठीत घेऊन ती माझ्या कानाशी आली.

"बाई, खरंच कोणाले समजत नाई? मामाजीले बी?"

"कोणालाही नाही. तुझ्या सासऱ्यांनाही नाही," मी म्हटलं.

ती घोंगड्याआड गेली आणि बाहेर बोंबाबोंब होईपर्यंत आलीच नाही.

डबे चावडीपुढे उपडे केले. बादली जिंकली, आणि तीही दणक्यात. गावात बाया होत्या त्याहून बादलीच्या चिठ्ठ्या जास्त! म्हणजे बैठकीत नाटक-नाटक म्हणून ओरडणाऱ्या बाप्यांतही फितूर निघाले होते. जो तो शेजाऱ्याकडे संशयानं बघत होता. मला हसू आवरेना.

पाटील खाकरले. "हे तं शिकासाठी होतं ना, बाई. खेळ संपला. नाटक होईन."

माझं डोकं सणकलं. पण हे नुसतं नमुन्याचं मतदान आहे, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात सून पदर सावरत पुढे आली. सासऱ्याशी ती कधीच तोंड उघडून बोलत नसे. आताही माझ्याकडेच बघत म्हणाली, "बाई, हे मत मोजून फेकाचं असन, तं मोठ्या निवडणुकीले आमी काऊन यावं? ते बी फेकतीन."

मागे बायांनी एकच गलका केला. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाले, "गावानं ठरवलं तं ठरलं. खणा."

खऱ्या मतदानाच्या दिवशी बायांना न्यायला मी पुन्हा त्या गावात गेले. बाया नटूनथटून निघाल्या होत्या, जत्रेला निघाव्यात तशा. सून मात्र बाजेवर होती, कुशीत चार दिवसांची पोर. इतकं बोललेल्या बाईचंच मत राहावं, याचं मला फार वाईट वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

"माहं पडलं ना, बाई," ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या भरल्या लोट्याकडे बोट दाखवलं. "पिऊन तं पाहा."

नव्या विहिरीचं पाणी अजून जरा मातकट होतं. मी लोटा रिकामा केला.