कुडीच्या दांडीचे माप

कान वाढवायचे असतील तर ते काम मुदत ठरवून हाती घेऊ नये. मी मुदत ठरवूनच घेतले होते, म्हणून हे लिहीत आहे.

तेव्हा आम्ही कल्याणास, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला राहत होतो. यजमान शाळेत मास्तर. त्यांनी मला लिहायला शिकवले आणि तेव्हापासून मला यादीशिवाय काही सुचेना. पापड कधी घातले, गाय कधी व्याली, मुलांना एरंडेल कधी दिले, सगळे वहीत. घरात थट्टा होई. पण काही सापडेनासे झाले की सगळे माझ्याकडेच येत. माघात धाकटी जाऊ बाळंत झाली आणि त्याच पंधरवड्यात तिच्या थोरल्या मुलीचे लग्न ठाण्यास ठरले. मुलीला अकरावे लागले होते.

विहीणबाई मुलगी बघायला आल्या तेव्हा त्यांनी तिची हनुवटी धरून मान वळवली.

"ही भोकं म्हणायची की मुंगीची बिळं?" त्या म्हणाल्या.

बारशाच्या वेळी टोचलेले कान. त्यांत केसाएवढी सोन्याची तार. त्यांच्या घरची मोत्यांची कुडी जुनी, आणि तिची मागची मळसूत्री दांडी चांगली जाड. त्या घरची रीत अशी की सूनमुखाच्या वेळी, आरशात सुनेचे तोंड बघण्याआधी, सासूने आपल्या हाताने तिच्या कानांत कुड्या घालायच्या. पहिल्या खेपेस सरळ गेल्या पाहिजेत. अडल्या तर सून घरात अडणार, असे बायका म्हणत.

"थोरल्या सुनेच्या वेळी अडली," विहीणबाई म्हणाल्या. "चार वर्षं झाली. अजून दूध नासलं तरी बायका तिच्या कानाकडे बघतात. मला ते पुन्हा नको."

"कुडी ठेवून जा, म्हणजे अंदाज येईल," मी म्हटले.

"कुडी आम्ही आधी देत नाही. माप देते." त्यांनी कनवटीची एक घासलेली काडी काढून माझ्या हातावर ठेवली. ती कुडीच्या दांडीच्या जाडीची होती. मुलगी त्या काडीकडे बघत होती. तिने सगळे ऐकले होते.

जावेला खोलीबाहेर येता येत नव्हते. ती म्हणाली, "तुम्हीच बघा, जाऊबाई. तुमच्या हातून वाकडं काही होत नाही." मला ते आवडले, हे कबूल करते.

आमच्या दारी कोलशेतकडची एक आगरी बाई मीठ घेऊन येई. तिच्या कानाच्या पाळ्यांत करंगळी जाईल एवढी भोके होती आणि त्यांत जड कड्या. पाळ्या मात्र जाड, निरोगी, कुठे चीर नाही. मी तिला ओट्यावर बसवले आणि वही घेतली.

तिने सांगितले ते असे. निंबाची कोवळी काडी सोलून, दगडावर घासून गुळगुळीत करायची, टोकाला कुसळ राहता कामा नये. खोबरेलात रात्रभर ठेवायची. आंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा हात स्वच्छ धुऊन, तेल लावून घालायची. पहिली काडी भोकापेक्षा किंचितच जाड. ती जाताना दुखली, तर ती आजची नव्हे. लाल झाले, कढत लागले, पाणी आले तर एक पायरी मागे येऊन बारीक काडी घालायची आणि हळद-तेल लावून कानाला विसरून जायचे. दोन कान दोन चालीने चालले तरी चालू द्यायचे.

"आणि पुढची काडी किती दिवसांनी?" मी विचारले.

"दिस मोजू नको, बाय. काडी आपली आपून सैल फिरली का मंग दुसरी घाल. नाय फिरली, त नाय." ती हसली. "मिठागरान मीठ कवा धरंल ता पानी सांगतं. आमी नाय."

मी हे सगळे लिहून घेतले. शेवटचे वाक्यही लिहिले. मग त्याखाली कोष्टक आखले : अडीच महिने, पाच काड्या, एका काडीला पंधरा दिवस. वैशाखातल्या तिथीला बरोबर पुरत होते. पुरत होते म्हणूनच मला ते खरे वाटले.

रोज सकाळी मुलगी माझ्यासमोर पाटावर बसे. मी काडी फिरवून बघे आणि विचारी, "दुखतं का?"

"नाही, काकू."

मग त्या दिवसाच्या घरात ती स्वतः फुली मारी. तिला ते काम फार आवडे. ओळ भरली की बोटाने फुल्या मोजी. पहिल्या दोन काड्या सुरळीत गेल्या. तिसऱ्या काडीला उजवा कान तयार झाला आणि डावा मागे राहिला. पंधरा दिवस झाले, वीस झाले, काडी फिरेना. मीठवाली म्हणाली, "ऱ्हाऊ दे." माझ्या कोष्टकात राहू द्यायला जागा नव्हती.

माझे माहेर घाटावरचे. तिकडे बायका जोंधळ्याच्या ताटातले भेंड, म्हणजे आतला मऊ गाभा, कापून कानात घालीत. पाण्याने ते हळूहळू फुगते आणि भोक आपोआप रुंदावते. लहानपणी मी पाहिले होते. कुणाचा कान बिघडल्याचे ऐकले नव्हते. बंदरावर घाटावरून गाड्या येत, त्यांच्या बैलांपुढे जोंधळ्याची ताटे पडलेली असत. मी एक मागून आणले, भेंड कापून तासले आणि फक्त डाव्या कानात घातले. कोरडे असताना ते काडीपेक्षा बारीकच होते, सहज गेले. मी निश्चिंत झाले.

घाटावरची हवा कोरडी. तिथे भेंड दिवसाला तसूभरही फुगत नाही. इथे खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याने मिठाच्या मडक्यालाही पाणी सुटते. त्यात दुसऱ्याच दिवशी मी मुलीला शिकेकाईने न्हाऊ घातले. डोक्यावर तांब्यांमागून तांबे ओतताना कानातल्या भेंडाची मला आठवणही झाली नाही. न्हाणे माझ्या दुसऱ्या यादीत होते.

संध्याकाळी ती केस मोकळे सोडून हिंडत होती. "वेणी घालू ये," म्हटले तर म्हणाली, "ओले आहेत अजून." सकाळी पाटावर बसली तेव्हाही केस डाव्या बाजूला ओढलेले होते.

"दुखतं का?"

"नाही, काकू."

तिने फुली मारली. वाकतानाही तिने एका हाताने केस कानावर धरून ठेवले होते, म्हणून मी ते बाजूला केले. पाळी जांभळी होऊन तकाकत होती. भेंड दोन्ही बाजूंनी बोंडासारखे फुगले होते आणि खाली कातडीची केवळ एक कड राहिली होती.

ओढून काढले असते तर पाळी दुभंगली असती. सुई विस्तवावर धरून, ती निवल्यावर मी भेंड आतून पोखरून कण कण काढले. मुलीने पाट दोन्ही हातांनी धरला होता. तिने एकदाही "आई गं" म्हटले नाही. म्हटले असते तर मला बरे वाटले असते. कड अर्धी चिरली होती; कान ओघळला नव्हता इतकेच.

"काल का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"दुखलं म्हटलं असतं तर तुमची ओळ मोडली असती," ती म्हणाली. "आणि मग कुडी अडली असती."

जाऊ बाळाला घेऊन खोलीच्या दारात उभी होती. तिने लेकीचा कान पाहिला, मग वहीकडे पाहिले. "माझ्या पोरीचा कान कितव्या ओळीला आहे, जाऊबाई?" एवढेच ती बोलली. पुढे महिनाभर तिने माझ्याशी कामापुरतेही भाषण केले नाही.

लग्नाला तीन आठवडे उरले होते. घरात बेत निघाला की कान तेवढ्यापुरता झाकावा आणि सूनमुखाला दाबून कुडी बसवावी. मी नको म्हटले. दाबली असती तर उरलेली कडही गेली असती. मी आगगाडीने ठाण्यास गेले आणि विहीणबाईंपुढे त्यांची मापाची काडी ठेवून झाले ते सांगितले.

"दुसरी कुणी असती तर पदराखाली झाकून मुलगी उभी केली असती," त्या म्हणाल्या.

"झाकता आलं असतं तर मीही झाकलं असतं."

त्यांनी मापाची काडी उचलून परत माझ्या हातावर ठेवली. "तिथी बदलायची नाही. उजवा तरी जाईल ना?"

"जाईल."

सूनमुखाला उजवी कुडी एकाच खेपेस सरळ गेली. मग विहीणबाईंनी आरसा असा तिरपा धरला की त्यात मुलीची उजवीच बाजू दिसावी, आणि दुसरी कुडी सगळ्यांदेखत माझ्या हातावर ठेवली. "कान हिच्या काकूंनी बिघडवला. बरा करून त्यांनीच आणून द्यायचा." बायका हसल्या. सगळ्या हसतात म्हणून मुलगीही हसली.

सासरी नांदायला जायला तिला अजून अवकाश होता. मी तीन महिने त्या कानाला काही केले नाही. फक्त स्वच्छ ठेवला आणि तेल लावले. मग पुन्हा पहिल्या, सर्वांत बारीक काडीपासून सुरुवात केली. या वेळी वही काढली नाही. काडी फिरली की पुढची, नाही फिरली तर नाही. मधे एकदा पाळी जराशी लाल झाली तेव्हा मागे आले आणि सबंध कार्तिक तिथेच थांबले. मापाची काडी सैल फिरेपर्यंत पुढचा फाल्गुन उजाडला.

ठाण्यास तिला पोचवायला मीच गेले. विहीणबाईंच्या समोर ओटीवर बसून तिच्या डाव्या कानात कुडी घातली. ती अडली नाही. परंतु चिरलेली कड भरताना भोक खाली सरकले होते; डावी कुडी उजवीपेक्षा गव्हाएवढी खाली बसली.

विहीणबाईंनी डोळे बारीक करून पाहिले. "वरखाली झाल्या," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी फिरकी घट्ट करीत होते. मुलीने मान न हलवता माझा हात धरला.

"दुखलं नाही हो, काकू."

मी विचारले नव्हते.