किड्यांना अहो, सुनेला अगं

आमच्या सासूबाईंचं, तोकुबाईंचं, नाव गावात अजून आदरानं घेतात. घेऊ देत बापडे. त्यांना काय, त्यांनी या बाईच्या हाताखाली बेचाळीस वर्षं थोडीच काढली आहेत!

आमच्या जपानातल्या गुन्मा प्रांतात रेशमाच्या किड्याला नुसतं 'काइको' म्हणायचं ते सरकारी माणसानं, तेही कागदावर. घरात म्हणायचं 'ओकाइकोसामा'. देवाच्या नावामागे जे 'सामा' लावतात, तेच या अळ्यांना. मला मात्र 'ए'. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या तोंडून 'काइको' निघालं, तर सासूबाईंनी तुतीच्या पानांची टोपली हातातून हिसकावली.

"तोंड धुऊन ये आधी! ज्यांच्या जिवावर जेवतो त्यांना अरेतुरे करतेस?"

घरातल्या उबदार खोल्या अळ्यांना, आम्ही नवराबायको जिन्याखाली. त्या कात टाकायला निपचित पडल्या की 'झोपल्या' म्हणायचं आणि चोरपावलांनी चालायचं. मी तापानं फणफणले, तेव्हा मात्र 'लोळतेय' म्हणाल्या.

तिसऱ्या वर्षी जूनमध्ये माहेरून निरोप आला, आईचं काही खरं नाही. अळ्या शेवटच्या झोपेतून उठून अधाशासारख्या खात होत्या. मी सासूबाईंपुढे जमिनीला डोकं टेकलं. "आई, एक दिवस जाऊन येते हो."

"ओकाइकोसामा जेवताहेत, दिसत नाही? त्यांचं आटपू दे. तुझी आई काय पळून चाललीय?"

माझा नवरा मासाजी बाजूलाच फांद्यांची पानं खुडत होता. त्या नंदीबैलानं पुढची फांदी ओढली. सहाव्या दिवशी अळ्या कोश विणायला चढल्या, तेव्हा मला सोडलं. आई जाऊन चार दिवस झाले होते.

दिवसकार्य करून परतले, तर सासूबाई डागी कोश उकळत्या पाण्यात सोडत होत्या. धागा उलगडला की आतला मेलेला जीव तळ्यातल्या माशांपुढे भिरकावत होत्या. त्याला म्हणत होत्या नुसतं 'सानागी', कोशातला किडा. मी विचारलं, "आई, आता 'सामा' नाही?"

"काम संपलं त्यांचं. आता कसलं सामा?"

मागच्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. मी भरवते, पुसते, कूस बदलते. जन्मभर साधं 'आई' म्हणत आले, आता भरवताना 'ओकासामा' म्हणते, अळ्यांचंच ते 'सामा' लावून. शेजारणी कौतुकानं माना डोलावतात. भाबड्या आहेत.

पहिल्यांदा म्हटलं, त्या दिवशी सासूबाईंनी घास तोंडातच धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना बरोबर कळलं होतं.