मालाचे नाव

बिलबुकातल्या कार्बनचा वास आला, की मी तीस वर्षं मागे, जोह्याच्या आमच्या मूर्तींच्या कारखान्यात जाते.

विक्रीकराचे साहेब ओल्या शाडूतून पाय उचलत आत आले होते. "कर थोडाच बसेल," ते बाबांना म्हणाले, "पण विकलेल्या मूर्तींची बिलं दाखवा."

डोळे आखणारा बाबांचा हात थांबला. "देव इकला, असं कागदावर कसं लिवू, सायेब? लोक पानसुपारीवर पैसं ठेवतात, आमी मोजत पन नाय."

साहेबांनी अंदाजाने विक्री धरली, वर दंड लावला. कारखाना बंद पडला. बाबा रोह्याला कंपनीत शिफ्टला जाऊ लागले.

तेव्हा मला साहेबांचा राग आला होता. आता पेणच्या माझ्या दुकानात मी प्रत्येक मूर्तीचं बिल करते. फक्त 'मालाचे नाव' या रकान्यात 'गणपती' लिहिताना बाबांच्या फोटोकडे पाठ करते.