छापलंय तेवढंच वाचायचं

किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. दर रविवारी चार टाळकी एका जागी बसली की ते आपोआप साठतात आणि मग आयुष्यभर घरातल्या रद्दीसारखे पुरतात. त्यातून आमच्या मंडळाचं कामच होतं, दुसरे काय बोलले ते शोधून काढणं! मग काय विचारता?

मंडळ भरायचं परळच्या एका चाळीत, तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज नाक्यावर सभा, रोज घोषणा. नाक्यावर तर सगळेच गर्जायचे. पण आपण निवडून दिलेला माणूस सभागृहात जाऊन काय बोलतो, हे कसं कळणार? तिथला शब्दन् शब्द लघुलेखक टिपून घेत आणि त्याची सरकारी पुस्तकं निघत. गिरगावात एका खिडकीवर ती विकत मिळायची. सरकारी काम आणि सहा महिने थांब, या चालीनंच मिळायची म्हणा! मी गिरगावात कारकून होतो, म्हणून पुस्तक आणायचं काम माझ्याकडे आलं. ते मोठ्यानं वाचायचं काम अप्पांकडे.

अप्पा म्हणजे ठाकूरद्वारचे निवृत्त शाळामास्तर. दर रविवारी ट्रामनं यायचे. त्यांचा नियम एकच. "छापलंय तेवढंच वाचायचं. पदरचा एक शब्द घालायचा नाही, त्यातला एक गाळायचा नाही." कुणी मध्येच बडबडलं की वाजवायला म्हणून त्यांनी घरच्या देवघरातली पितळी घंटा रुमालात गुंडाळून आणली होती. सभापतीकडे असते तशी!

पहिल्याच रविवारी ती घंटा पाहून सखूमावशी म्हणाली, "काय हो मास्तर? आम्ही आत्ताच देव पोचवून मोकळे झालो, आणि तुम्ही घंटा घेऊन आलात!"

त्याच सुमाराला तिच्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. देव्हारे उतरले होते, भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली होती. आम्ही जरा चपापलो. पण सगळ्यात आधी अप्पाच हसले, आणि तेही पोट धरून.

*

सखूमावशी करी रोडला राहायची आणि शिवडीच्या गोदामात धान्य निवडायला जायची. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा, हरिश्चंद्र, गिरणीत बदली कामगार होता. मोर्चाला म्हणून गेला आणि गोळीबारात सापडला. परत आला तो चादरीत.

आमचे आमदार तेव्हा तिच्या दाराशी येऊन म्हणाले होते, "मावशी, तुमच्या हरीचं नाव मी सभागृहात घेतो. कायमचं छापलं जाईल." पुढे एकदा रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "नावं वाचली मी. पुस्तक येऊ दे."

आमच्या नाक्यावर एक काळा फळा होता. आपल्या भागातले जे गेले त्यांची नावं त्यावर खडूनं लिहिलेली असायची. त्यात हरी होता. पण मावशीचं समाधान नव्हतं. "फळ्यावरचं पुसतं रे. कुणाची पाठ घासली तरी पुसतं. पुस्तकातलं राहतं."

म्हणून ती दर रविवारी यायची, भिंतीला टेकून बसायची आणि आधी एवढंच विचारायची, "आज आलं का?"

आम्ही नाही म्हणायचो. मग ती बाकीचं सगळं ऐकून जायची.

*

अप्पांच्या नियमाप्रमाणे कंसातलंसुद्धा वाचायचं असे. "(हशा)" असं छापलेलं असलं की अप्पा शोकसभेतल्या आवाजात म्हणायचे, "कंसात हशा." की इकडे सगळी व्यायामशाळा खो खो!

एका रविवारी एक लांबलचक भाषण निघालं. विषय कुणाला कळेना, मंत्र्याचं म्हणणं कुणाला कळेना. अप्पा म्हणाले, "कंसात हशा." सगळे शांत. कोपऱ्यात बबन डुलक्या काढत होता. हा आमच्यातला मालवणी, गिरणीत मागावर काम करणारा साचेवाला, जिभेला हाड नसलेला. तो दचकून उठला नि ओरडला, "अरे हसा रे मेल्यांनो! सरकारान छापलाहा!"

मग मात्र हसले सगळे. सखूमावशी तेवढी हसली नाही. अप्पांना म्हणाली, "मास्तर, तिथं माणसं फार हसतात हो."

अप्पांनी पान उलटलं.

*

पुस्तकाच्या शेवटी सूची असायची. शोधायचं ते तिथून. आता आम्हाला गोळीबार शोधायचा होता, म्हणून मी 'ग'वर बोट ठेवलं. 'गवत' होतं, 'गोवर' होता, 'गोदामे' होती. गोळीबार नव्हता! दोन रविवार गेले. शेवटी अप्पांनीच शोधून काढला. 'शांतता' या शब्दाखाली!

बबन म्हणाला, "बरोबर आहे की. गोळीबारानंतर शांतताच होते."



*

आता आमची फजिती सांगतो. एका पुस्तकात आमच्या आमदारांचं भाषण मिळालं. काय भाषण! मुंबई आमच्या घामावर उभी आहे, ती तोडाल तर याद राखा, असं सणसणीत. वाचून होताच बबननं लालबागच्या फुलवाल्याकडून हार आणला आणि आम्ही सगळे मिरवत आमदारांच्या घरी. त्यांनी हात जोडले, मान लववून हार घालून घेतला. वहिनींनी चहा दिला. एकूण सोहळा झोकात झाला.

पुढच्या रविवारी अप्पा पुस्तक उघडेनात. विचारलं तर म्हणाले, "घोटाळा झाला. या आडनावाचे सभासद दोन आहेत. भाषण त्या दुसऱ्यांचं. ते पार घाटावरचे."

म्हणजे मतदारसंघाचं नाव न बघता नुसत्या आडनावावर आम्ही हार घालून आलो होतो! मी म्हटलं, "पण मग साहेब बोलले कसे नाहीत काही?"

"भला माणूस," बबन म्हणाला. "दुसऱ्याचं भाषणसुद्धा किती नम्रपणे घेतलंन!"

तेव्हापासून मावशीच्या मनात एक काटा राहिला. तिनं मला जिन्याजवळ गाठून विचारलं, "नावं तरी त्यानंच वाचलीत ना रे? की तीपण त्या दुसऱ्यानं?" मी म्हटलं, "त्यांनीच, मावशी." मला तरी काय माहीत होतं? पण तिच्याकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेना.

*

सभागृहात कुणी आरडाओरडा केला आणि नाव टिपता आलं नाही, तर पुस्तकात नुसतं छापतात, 'एक सन्माननीय सभासद'. एकदा मंत्री बोलत असताना अशाच एका सन्माननीय सभासदानं विचारलेलं निघालं, "गोळ्या झाडायचा हुकूम कुणी दिला?" बस्स, एवढंच. पुढे गलका.

झालं! आमचे आमदार म्हणाले, तो मीच. दादरला आमच्यासारखंच मंडळ होतं, ते म्हणाले, तो आमचा. गिरगावच्या खानावळीत एक गृहस्थ शपथेवर सांगत होते की तो त्यांच्या मेहुण्याचा आवाज. महिनाभर हेच चाललं होतं.

अप्पांनी शेवटी घंटा वाजवली. "प्रश्न कुणी विचारला याचीच चौकशी किती चाललीय! उत्तर कुणी दिलं का, ते नाही कुणी विचारत."

उत्तर शोधलं आम्ही. छापलेलं नव्हतं.

*

एकदा सभागृहाच्या प्रेक्षक सज्जात बसून आलेला एक तरुण भेटला. अमुक एक सभासद मंत्र्याला भर सभागृहात काय काय बोलला, ते त्यानं साभिनय करून दाखवलं. पुस्तक आलं तेव्हा पाहतो तर त्या जागी 'मी माननीय मंत्र्यांशी सहमत नाही' एवढंच!

अप्पांनी खुलासा केला की भाषणाचा मसुदा छपाईआधी सभासदांकडे तपासायला जातो.

बबन सरकत अप्पांजवळ आला. मग म्हणाला, "अप्पा, काल घरात आमची जी वादावादी झाली, तिचा मसुदा मिळेल काय हो? मला चार शब्द बदलायचेत. आणि बायकोचं पुस्तकच निघू नये असं काही करता येईल?"

अप्पांनी घंटा वाजवली, पण वाजवताना त्यांचे खांदे हलत होते.

*

आणि एका शनिवारी खिडकीवर ते पुस्तक आलं. आमदारांनी नावं वाचली म्हणून सांगितलं होतं, त्या बैठकीचं. तारीख तीच. दुसऱ्या दिवशी परळला पोचेपर्यंत मी ते उघडलं नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही.

रविवारी व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीनं आत येताच नेहमीसारखं विचारलं, "आज आलं का?"

अप्पा म्हणाले, "आलंय. बसा."

मतदारसंघाचं नाव त्यांनी आधी दोनदा तपासलं. भाषण आमच्याच आमदारांचं होतं, आणि चांगलं होतं. माणूस मनापासून बोलला होता. शेवटी ते म्हणाले होते, माझ्या भागातल्या नाक्यावर एक फळा आहे, त्यावरची नावं मी या सभागृहाला वाचून दाखवतो. आणि वाचायला लागले होते. फळ्यावरच्याच क्रमानं.

तो क्रम आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होता. अप्पा एकेक नाव वाचत होते आणि माणसं ओठांतल्या ओठांत पुढचं म्हणत होती. जगन्नाथचं नाव आलं. जगन्नाथनंतर फळ्यावर हरिश्चंद्र. मावशी भिंत सोडून ताठ बसली.

अप्पा म्हणाले, "कंसात घंटा."

नियम होता, म्हणून पुढचं वाचलं. "सभापती : सन्माननीय सभासदांची वेळ संपली आहे. त्यांनी खाली बसावे." त्याच्या पुढे दुसऱ्या कुणाचं भाषण होतं, रस्त्यांच्या डागडुजीवर.

एक नाव हो! एका नावाला असा किती वेळ लागला असता? मला त्या क्षणी त्या सभापतीचा, आमदारांचा, माझा स्वतःचासुद्धा राग आला.

मावशी रडली नाही. उठली आणि अप्पांच्या टेबलाशी आली.

"घंटा कुणी दिली, मास्तर?"

"सभापतींनी."

"तिथल्या?"

"हो. तिथल्या."

तिनं टेबलावरची आमची घंटा उचलली. आतला लोळा मुठीत घट्ट धरला आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

"इथली माझ्यापाशी आहे," ती म्हणाली. "वाचा पुढं."

"मावशी, छापलंय तेवढंच..." अप्पा म्हणायला गेले.

"वाचा."

अप्पांनी चष्मा काढला. पुस्तक मिटलं. आणि पुढचं नाव वाचलं.