चौघांची आइसलँड ट्रिप

आमच्या घरात सुट्टी म्हणजे नागपूर. अमेरिकेत आल्यापासून सोळा वर्षं हेच चाललंय. रजा साठवायची, बॅगा चॉकलेटांनी भरायच्या, तिकडे जाऊन पासपोर्टवर अमेरिकेत परत यायच्या व्हिसाचा शिक्का मारून घ्यायचा आणि उरलेले दिवस नातेवाइकांकडे जेवत फिरायचं. यंदा मी जाहीर केलं, जूनमध्ये आइसलँड. स्वतः गाडी चालवत आख्ख्या बेटाला फेरी.

मी प्लॅनिंगचा माणूस. ऑफिसात लोक माझ्या एक्सेल शीटला हसतात आणि मग गुपचूप तीच वापरतात. आइसलँडची शीट मी सहा आठवडे रचत होतो. कोणत्या गावानंतर लांबवर पेट्रोल पंप नाही, एकेरी पुलावर आधी कोणी जायचं, वाऱ्याने गाडीचं दार उलटू नये म्हणून ती कुठे तोंड करून लावायची, कोणत्या मुक्कामी राइस कुकर चालेल, सगळं होतं तिच्यात. फेरी डावीकडून मारायची की उजवीकडून, यावरून बायकोने दोन दिवस अबोला धरला होता. एक रकाना ड्रायव्हरचा, एक नेव्हिगेटरचा. ड्रायव्हर मी. नेव्हिगेटर थोरली, कारण घरात नकाशा तिलाच कळतो.

आम्हा तिघांचे पासपोर्ट भारतीय. धाकटी इथेच जन्मली, त्यामुळे ती अमेरिकन, तिला कुठेही जा म्हटलं तरी प्रश्न नाही. थोरली चार वर्षांची असताना आमच्याबरोबर आली. आता कॉलेजात आहे आणि ऑगस्टमध्ये एकवीस पूर्ण करणार. एकवीस झाली की मूल आईवडिलांच्या व्हिसावरून उतरतं, हे इथल्या आपल्या सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं. म्हणून तिला विद्यार्थी व्हिसावर घ्यायचा अर्ज आम्ही थंडीतच करून टाकला होता. शिक्के तिघांचे चालू, परत यायचं जूनमध्येच, वाढदिवस ऑगस्टमध्ये. शीटमध्ये त्या ओळीपुढे मी हिरवा रंग भरला आणि मोकळा झालो.

एका रविवारी सकाळी पोहे खाता खाता शीट टीव्हीवर लावली. बघतो तर नेव्हिगेटरच्या रकान्यात सगळीकडे धाकटीचं नाव. मी वैतागलो. थोरलीला म्हटलं, गाडीत झोपा काढायचा विचार आहे वाटतं? तिने बशी खाली ठेवली.

"बाबा, आय कान्ट कम. तो अर्ज पेंडिंग असताना मी देशाबाहेर गेले, तर मी तो सोडून दिला असं धरतात."

असं काही नसतं, मी म्हटलं. अगदी ठामपणे. गेली सोळा वर्षं मित्रमंडळींत व्हिसाबद्दल कोणालाही काही अडलं की लोक मला फोन करतात. पण ती वाद घालत बसली नाही. कॉलेजच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारून आल्याचं तिने सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी.

सोमवारी वकिलाला फोन केला. त्याने शांतपणे तेच सांगितलं. अर्ज गेला म्हणून समजा, परत पहिल्यापासून सुरुवात. तो वाढदिवसाच्या आत होईल याची हमी नाही. नाही झाला तर मुलीला भारतात जाऊन व्हिसा मागावा लागेल आणि तो मिळेलच असं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. मी स्वतःच्या हाताने पोरीला विमानात बसवून इथून घालवून देणार होतो, तेही हसत हसत, खिडकीची सीट देऊन.

त्याहून मोठा धक्का मला तीन आठवड्यांचा बसला. तीन आठवडे ही पोर रोज माझ्यासमोर बसून धबधब्यांचे फोटो बघत होती. आधी का नाही सांगितलंस, असं मी तिच्यावर ओरडलोसुद्धा. ती म्हणाली, तुम्ही इतके खूश होता, यार, आणि तुम्ही तिघं जाऊन येऊ शकता. कोणी मागे राहायचं हे तिने ठरवून टाकलं होतं. विसाव्या वर्षी. मी तिला गाडी शिकवली, टॅक्स भरायला शिकवलं, पण हे मी कधी शिकवलं नव्हतं.

तिघं जाण्याचा प्रश्नच नव्हता. बायकोने विषयच काढू दिला नाही. मी गाडी कॅन्सल केली, मुक्काम कॅन्सल केले आणि संध्याकाळी थोरलीच्या खोलीत गेलो. तिला धीर द्यायचा होता. खरं तर मलाच हवा होता. म्हटलं, घाबरू नको, अर्ज होईल मंजूर. आणि समजा नाहीच झाला, अगदी वाईटात वाईट, तर नागपूर आहेच की. आजी आहे, मावशी आहे. आपलंच गाव आहे.

तिने लॅपटॉप मिटला. माझ्याशी एरवी निम्मं इंग्रजीत बोलणारी मुलगी सावकाश, पूर्ण मराठीत म्हणाली, "बाबा, मला तिथे रस्ता ओलांडता येत नाही."

खरंच येत नाही. टेक्सासच्या हायवेवर ट्रकांच्या मधून बेधडक गाडी काढणारी ही मुलगी दोन वर्षांपूर्वी नागपुरात मावशीच्या घरासमोर दहा मिनिटं फुटपाथवर उभी होती. समोर भाजीचं दुकान, मधे एवढासा रस्ता. शेवटी मी जाऊन तिचा हात धरला आणि पलीकडे नेलं. तिची बोटं घामाने ओली झाली होती. मावशीच्या गॅलरीतून सगळे बघत होते आणि हसत होते. मीही हसलो होतो.